आमच्या बाजूचा पंच

सोमवार, ६ जानेवारी. सकाळ.

निखत बॅग भरून राबोडीला माहेरी निघून गेली आणि मला विचारलं नाही. सलाम केला तो माझ्या सुनेला, शमीमला. मी दारातच खुर्ची टाकून बसलेले, मला वळसा घालून जावं लागलं, तरी नाही. लग्नाला चौदा महिने झालेली नातसून. आमच्या वेळी शेजारच्या गल्लीत मीठ मागायला जायचं तरी सासूला तीनदा विचारायचो आणि ती दोनदा नाही म्हणायची.

सुहैल माझा नातू, लाखात एक. अडवलं नाही तिला. उलट बॅग जड होती म्हणून खाली रिक्षापर्यंत नेऊन दिली.

बिस्मिल्ला लिहायचं राहिलं. आता लिहिते. बिस्मिल्ला.

ही डायरी बँकेने फुकट दिली. डॉक्टर म्हणाला, आजी, रोजची साखर लिहीत जा. रोज सकाळी बोट टोचून निखतच बघायची. ती ठाण्याला वर्तकनगरला लॅबमध्ये आहे, लोकांचं रक्त काढते, तिला त्याचं काही वाटत नाही. आजची साखर: अंदाजे बरी.

दुपार.

कारण भाकरी. लिहूनच ठेवते, नंतर कोणी उलटं सांगायला नको.

गेल्या महिन्यात शमीम तापाने पडली. शमीम म्हणजे सुहैलची आई. तेव्हा निखत म्हणाली, तांदळाच्या भाकऱ्या मी करते. संध्याकाळी भाकऱ्या आल्या. गोल, पातळ, पापुद्रा सुटलेला. मी तीन खाल्ल्या आणि म्हटलं, पोरीच्या हाताला वळण आहे. सुहैल रोज सकाळी कामाला जायच्या आधी माझ्याजवळ चहाला बसतो आणि सगळं सांगतो, लहानपणापासूनची सवय. दुसऱ्या दिवशी हसत हसत म्हणाला, दादी, त्या भाकऱ्या निखतने कोपरच्या एका पोळीभाजीवाल्या बाईकडून आणलेल्या, तिची मैत्रीण तिथे राहते ना. कोणाला सांगू नकोस हं.

मी कोणाला सांगितलं नाही. फक्त मंगळवारी कुराणाच्या दर्सला सांगितलं. तिथे आम्ही मोजून अठरा बायका असतो.

चार दिवसांत राबोडीला पोचलं. निखतच्या आईला कोणीतरी एका लग्नात सगळ्यांसमोर विचारलं, तुमची लेक भाकऱ्या कुठून मागवते, आम्हालाही पत्ता द्या. लोकांच्या पोटात काही राहत नाही.

मंगळवार, ७ जानेवारी

दर्स. मंगळवारी तीन वाजता मरियम आपाच्या घरी आम्ही बायका बसतो. आपा कुराणातलं थोडं वाचते आणि आम्हाला मराठीत समजावून सांगते. या महिन्याचा विषय, नवराबायकोत भांडणं का होतात. आपाने तो निखतसाठीच घेतला असणार, आणि नेमकी तीच नाही.

पहिलं कारण, शंका. फार शंका घेऊ नका, काही शंका गुन्हा असतात, आणि एकमेकांच्या पाळतीवर राहू नका. मी जोरात मान हलवली. निखत संशयी आहे हे मी पहिल्या आठवड्यातच ओळखलेलं. तिच्या कपाटाच्या खालच्या खणाला कुलूप असतं. सरळ मनाचा माणूस कुलूप लावेल का. मी चार वेळा ओढून पाहिलं. किल्ली तिच्या जुन्या पर्समध्ये नाही, गादीखाली नाही.

ठराव: आजपासून कोणावर शंका घ्यायची नाही. दर्समधल्या एका बाईचा भाऊ राबोडीला राहतो. निखत खरंच माहेरीच आहे ना, एवढंच त्याला बघायला सांगितलं. म्हणजे शंका उरायला नको.

साखर: ठीक वाटते.

शुक्रवार, १० जानेवारी

यासीनचा फोन, कुवेतहून. माझा मुलगा, शमीमचा नवरा. दर शुक्रवारी करतो. विचारलं, शमीम कशी आहे. शमीम समोरच बोंबील तळत होती. मी म्हटलं, बरी आहे. म्हणाला, खोकला गेला का. म्हटलं, गेला. तेवढ्यात शमीम खोकली, पण ते मिरचीने.

सत्तावीस वर्षं झाली, तिला मी फोनवर बोलायचा त्रास पडू दिलेला नाही. अशी सासू दाखवा दुसरी.

निखतच्या भानगडीचं यासीनला सांगितलं नाही. तो तिकडे एकटा, उगाच काळजी करेल. फक्त म्हटलं, घर मोडायला आलंय.

मंगळवार, १४ जानेवारी

दर्स. आजची कारणं, टिंगल आणि पाठीमागे बोलणं. आपा म्हणाली, बायकांनी दुसऱ्या बायकांना हसू नये, काय सांगावं त्या आपल्यापेक्षा चांगल्या असतील. एकमेकींना वाकडी नावं ठेवू नयेत. अगदी खरं. पार्सलचं एक आहे, तिने कधी कोणाला नाव ठेवलं नाही, एवढं मी कबूल करेन.

निखतला मी त्या भाकऱ्यांवरून पार्सल म्हणते ते टिंगल म्हणून नाही. गल्लीत दोन निखत आहेत, ओळख पटायला काहीतरी लागतं.

पाठीमागे वाईट बोलणं म्हणजे मेलेल्या भावाचं मांस खाण्यासारखं, असं आहे. ऐकून अंगावर काटा आला. हे सगळ्यांना कळायला हवं. परत येताना जिन्यात दोघींना थांबवून नीट समजावलं, कोण कोणाबद्दल काय बोलते ते नावानिशी सांगून. नाव घेतल्याशिवाय लोकांच्या डोक्यात शिरत नाही. अर्धा तास गेला, पाय सुजले.

साखर: दिसायला कमी.

रविवार, १९ जानेवारी

सुहैल आठ दिवस चहाला बसत नाही. उभ्यानेच पितो, घाई आहे म्हणतो. गच्चीवर जाऊन तासभर फोन करतो. मी पापड वाळत घालायला वर गेले. संध्याकाळ होती, पण पापडांना नुसतं ऊन लागत नाही, हवाही लागते. मला बघून तो हळू बोलायला लागला. डाव्या कानाने मला कमी येतं म्हणून उजवा पुढे केला. एवढंच कळलं, कोलशेत, दुसरा मजला, भाड्याने, आणि दादीला कसं सांगू.

खाली येऊन नमाज पढले. दोनदा चुकले.

या घरात चार खोल्या आहेत. वरची त्यांची. यासीन कुवेतला. ती दोघं कोलशेतला गेली तर दूधनाक्याच्या एवढ्या घरात मी आणि शमीम. शमीम बोलत नाही. मग घरात आवाज करणार कोण.

ठराव: निखतला रमजानच्या आत परत आणायची. कोलशेतचं नाव निघता कामा नये. कसं ते उद्या.

मंगळवार, २१ जानेवारी

सापडलं.

दर्सला आपाने आधी वस्त्राचं सांगितलं. नवरा बायकोचं वस्त्र आणि बायको नवऱ्याचं वस्त्र, असं कुराणात आहे. वस्त्राचं काम झाकायचं. एकमेकांची उणी बाजू बाहेर दाखवायची नाही. नवऱ्याने बायकोचं गुपित बाहेर नेलं की वस्त्र फाटलं. तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, मग भाकरीचं बाहेर कोणी नेलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

बाहेर म्हणजे कोण, हे आधी ठरवा. सुहैलने मला सांगितलं म्हणजे घरातच राहिलं. माझ्याकडून पुढे गेलं ते माझं आणि अल्लाचं.

मग खरी गोष्ट. नवराबायको तुटतील अशी भीती वाटली तर एक पंच त्याच्या घरचा घ्यायचा, एक तिच्या घरचा. दोघांच्या मनात जुळवायचं असेल तर अल्ला जुळवून आणतो. आपाचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हात वर केला. म्हटलं, आमच्या बाजूचा पंच ठरला.

आपा म्हणाली, खाला, पंच असा पाहिजे की ज्याचं त्या भांडणात काही नाही. मी म्हटलं, बाई, मी तर सगळ्यांच्या भल्याची. आपाने पान उलटलं. पटलं तिला.

बुधवार, २२ जानेवारी

सुहैलला सांगितलं, राबोडीला निरोप दे, रविवारी बैठक. तो म्हणाला, पंच तू? म्हटलं, मग काय दूधवाला. संध्याकाळी उलटा निरोप आला, त्यांच्याकडून निखतची फुफी, म्हणजे आत्या, झुलैखा बसेल. शाळेत मास्तरीण होती, आता रिटायर. असू दे. मीपण चौथी पास आहे, म्युनिसिपालटीची मराठी शाळा, आणि तेव्हाची चौथी.

तयारी सुरू. डायरीच्या मागच्या पानावर निखतचे दोष लिहिले. अकरा भरले. पाय न पुसता आत येते. भाताला पाणी जास्त. हसते तेव्हा सगळे दात दिसतात. डोळे मिटून विचार केला तर अजून निघतील.

शमीमने मागून वाचलं. म्हणाली, अम्मा, सुहैलचापण एखादा लिहा, पंच आहात. बराच विचार केला. ओला टॉवेल गादीवर टाकतो, पण तो दोष निखतचा, तिने उचलायला पाहिजे. बारा झाले.

शुक्रवार, २४ जानेवारी

सकाळी उठताना भोवळ आली. कपाटाला धरलं. कालची बिर्याणी नडली असेल, किंवा हवा.

शमीमच्या मोबाईलवर निखतचा फोन. मला बाजूने ऐकू आलं, आई, दादीची साखर बघतं का कोणी. मी इथूनच ओरडून सांगितलं, बरी आहे. शमीमचं तोंड उघडलेलं तसंच राहिलं, मग मिटलं.

बघा, नवऱ्यासाठी फोन करत नाही, साखरेसाठी करते. हा दोष तेरावा.

रविवार, २६ जानेवारी. रात्र.

बैठक झाली. क्रमाने लिहिते.

सुहैलने मित्राची गाडी आणली. मी पुढे, शमीम मागे, मांडीवर सांदणांचा डबा. राबोडीला दुसऱ्या मजल्यावर घर, लिफ्ट नाही. वर पोचेपर्यंत मला काही बोलता येईना, तेवढ्यात त्यांनी चहा देऊन घेतला.

झुलैखा बारीक बाई, चष्मा, आवाज खालचा. असल्या बायकांपासून जपून राहावं. तिने निखतला विचारलं, काय झालं बेटा. मी सांगितलं. तिने परत विचारलं, निखत, तू सांग. मी म्हटलं, तेच तर सांगतेय. मग सुहैलला विचारलं, तुला काय पाहिजे. मी म्हटलं, त्याला घर पाहिजे, भरलेलं. मग शमीमला विचारलं, तुम्हाला काय वाटतं. मी म्हटलं, तिला काही वाटत नाही.

झुलैखाने चष्मा काढून ओढणीला पुसला. म्हणाली, आतापर्यंत तिघांना विचारलं, तिन्ही उत्तरं एकाच तोंडातून आली. मी म्हटलं, वेळ वाचतो.

मग मी दोष वाचायला घेतले. कुलपावर आले तेव्हा निखत म्हणाली, दादी, तुम्ही खण ओढून बघता म्हणून कुलूप लावलंय, आधी नव्हतं. मी म्हटलं, तुला कसं कळलं. म्हणाली, तुमच्या बांगड्या वाजतात.

पुढचे दहा दोष राहू दिले.

निखत मग सुहैलकडे वळली. रडली नाही, त्याची मला भीती वाटली. म्हणाली, दादींचं जाऊ दे, मी तुला सांगितलं होतं ना. आपल्या खोलीतलं रोज सकाळी चहाबरोबर खाली जातं. मी तुझ्याशी बोलते की सगळ्या गल्लीशी, तेच मला कळत नाही. सुहैल पायाच्या अंगठ्याने फरशी घासत बसला. मी त्याच्या बाजूने बोलणार, तेवढ्यात शमीम बोलली.

आधी मला वाटलं शेजारचा टीव्ही.

शमीम म्हणाली, भाकऱ्या विकत आण असं तिला मीच सांगितलेलं. ती शिकते म्हणत होती, पीठ मळायलाही घेतलेलं. मीच म्हटलं, पहिली भाकरी तुटेल आणि वर्षभर ऐकावं लागेल, मला माहीत आहे. तिने माझं नाव कुठेच घेतलं नाही, नवऱ्यालाही सांगितलं नाही. मला झाकलं.

मग म्हणाली, मीपण एकदा बॅग भरलेली. सुहैल पोटात होता. तेव्हा पंच कोणी बोलावले नाहीत, म्हणून बॅग परत रिकामी केली.

मला असलं काही आठवत नाही. बॅग निळी होती.

झुलैखा म्हणाली, दादी, तुमच्या बाजूचा पंच या असतील तर मी आत बसून बोलते. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, मला चढउतर झेपत नाही, मी शमीमला नेमते. कोणी नेमलं हे लक्षात राहावं म्हणून दोनदा म्हटलं.

त्या दोघी आतल्या खोलीत गेल्या, सुहैल त्यांच्या मागून. दार लावून घेतलं. बाहेर मी आणि निखत. मी म्हटलं, चहात आलं जास्त होतं. तिने पर्समधून मशीन काढलं, माझं बोट धरलं आणि टोचलं. दोनशे शहाऐंशी. म्हणाली, किती गोळ्या चुकवल्यात. मी म्हटलं, एक. ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, आठवडाभर. ती उठून पाणी आणायला गेली, मग परत आली आणि बोटावर कापूस दाबून बसली. रक्त कधीच थांबलेलं.

साखर: २८६. हा खरा आकडा.

अर्ध्या तासाने निकाल आला. सुहैलने खोलीतलं बाहेर आणलं, म्हणून आधी माफी त्याने मागायची. मागितली, सगळ्यांसमोर. निखत शनिवारी घरी येणार. सुहैल सकाळचा चहा वर तिच्याबरोबर पिणार. ईदपर्यंत बघायचं, नाही जमलं तर कोलशेत, आणि तेव्हा कोणी रडायचं नाही. आणि ज्याला विचारलं, बोलायचं त्यानेच.

हे सगळं माझ्या मनात आधीपासून होतं. त्यांनी फक्त बोलून दाखवलं.

सांदणं सगळी संपली. ती शमीमने केलेली.

शुक्रवार, ३१ जानेवारी

यासीनचा फोन. मी उचलला. म्हणाला, शमीम कशी आहे. मी तोंड उघडलं. शमीमने पिठाचा हात तसाच पुढे केला. मी फोन दिला. काय करणार, निकाल लागलाय.

फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली, दार लोटलं. चाळीस मिनिटं. काय बोलली माहीत नाही. दोनदा हसली. एकदा बराच वेळ आवाज नव्हता. बोंबील करपले. कोणी काही म्हटलं नाही, म्हणजे मी म्हटलं नाही.

बाहेर आली तेव्हा डोळे लाल. म्हटलं, कांदा का. म्हणाली, नाही, अम्मा. पुढे काही सांगितलं नाही. आता मलाही कोणी सांगायचं नाही असं दिसतं.

शनिवार, १ फेब्रुवारी

निखत येणार. ठराव: माफी मागायची. मोठ्या माणसाने मागितली की वजन पडतं. सकाळपासून पाठ केली. भाकरीचं मी दर्सला बोलले, ते माझं चुकलं. एवढंच, जास्त नाही. शमीमसमोर एकदा म्हणून बघितलं, ती म्हणाली, बरं आहे.

पाच वाजता आली. आधी मला सलाम केला, वाकून. मी म्हटलं, चपला बाहेर काढ.

रात्री परत म्हणणार होते. झोप लागली.

रविवार, २ फेब्रुवारी

सुहैल चहा घेऊन वर गेला. दोन कप. जिन्यात थांबून म्हणाला, दादी, येतो हं नंतर. मी म्हटलं, जा जा, मला काय कामं नाहीत का.

कामं नव्हती. माझा कप घेऊन बसले. वरून हसण्याचा आवाज आला. पापड घालायचे राहिलेत, गच्चीची वाट तिथूनच आहे. उठले. तिसऱ्या पायरीपर्यंत गेले. बांगड्या वाजल्या. परत येऊन बसले.

नऊ वाजता निखत स्वतःच खाली आली, मशीन घेऊन. एकशे नव्वद. मी बोट तिच्या हातात असतानाच म्हटलं, भाकरीचं मी बोलले. पाठ केलेलं पुढचं आठवेना. ती म्हणाली, हो, मला माहीत आहे. कापूस दाबून धरा.

म्हटलं, कधी वेळ झाला तर पीठ मळायला ये. तुटली तर मी खाईन. म्हणाली, बघू. शमीम ओट्यापाशी पाठ करून उभी होती, तिचे खांदे हलत होते. हसत असणार.

साखर: १९०.

मंगळवार, ४ फेब्रुवारी. दुपारी दोन.

आज दर्स. अठरा बायका वाट बघतायत. बैठकीत काय झालं, पंच कोण होता, भांडणाचं कारण काय निघालं, सगळं विचारतील. मी ठरवलेलं, एक शब्द बोलायचा नाही. मग विचार केला, दोन शब्द बोलले तर काय बिघडतं. मग ते दोन शब्द कोणते, त्याचा विचार केला. ते पुढे कुठवर जातील त्याचाही केला. राबोडी, कोलशेत, कुवेत.

गुडघा दुखतोय. मी जात नाही. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. शमीम एकटी जाईल, तीपण पहिल्यांदा. तिला बोलावून सांगितलं, डायरीतही लिहून ठेवते, पंच म्हणून नाही, घरातली मोठी म्हणून. तिथे कोणी विचारलं, कारण काय निघालं, तर बघू, बोलू, असलं काही नको. माझं नाव घ्यावं लागलं तर घे. खोटं सांगू नकोस, वाढवून सांगू नकोस. आणि मला विचारायला कोणाला घरी पाठवू नकोस. उत्तर तूच द्यायचं.